रात्रपाळीत फोनवर सोबत थांबलेल्या दादांना

दादा, सप्रेम नमस्कार.

तोंडावर आभार मानले की तुम्ही विषय बदलता, म्हणून सगळ्यांसमोर लिहितोय. शिवाय तुम्ही जे शिकवलंत ते साखर कारखाना असो, दूध संघ असो की पाण्याचं पंपहाउस, जिथे फायबरची रिंग (उजेडावर डेटा नेणाऱ्या काचेच्या तारेने गोल जोडलेलं नेटवर्क) आहे तिथल्या प्रत्येक इन्स्ट्रुमेंटवाल्याच्या उपयोगी पडेल.

हंगाम ऐन भरात होता. बॉयलरचे आकडे स्काडाच्या (कारखान्यावर नजर ठेवणाऱ्या संगणकाच्या) स्क्रीनवरून मध्येच जायचे आणि क्षणात परत यायचे. यार्डात उसाच्या गाड्यांची रांग, आणि ऑपरेटर ड्रम लेव्हलवरची (बॉयलरमधल्या पाण्याच्या पातळीवरची) नजर हलवायला तयार नाही. बॉयलरच्या स्विचचं, म्हणजे नेटवर्कच्या तारा जोडणाऱ्या पेटीचं, पान ब्राउझरमध्ये उघडलं तर दोन्ही फायबर पोर्ट हिरवे, पॉवर चांगली, एरर शून्य. तेव्हा ओळखीतून तुमचा नंबर मिळाला. सगळं ऐकून घेऊन तुम्ही एकच विचारलंत, "ज्याचं पान बघतोयस तो बॉयलरचाच स्विच आहे, हे कशावरून?"

मग तुम्ही घाई न करता एकेक पायरी करून घेतलीत. आधी पिंग (आयपी, म्हणजे नेटवर्कवरच्या पत्त्यावर, हाक मारून उत्तर येतं का बघायचं), मग एआरपीची यादी (कोणत्या आयपीला कोणता मॅक), त्यातला मॅक पत्ता, म्हणजे यंत्राला बनवतानाच दिलेला क्रमांक, कागदावर. तो बॉयलरच्या पॅनलमधल्या स्विचच्या स्टिकरशी ताडून बघायला लावलात. "पहिले सहा आकडे कंपनीचे, ते जुळणारच. शेवटचे सहा वाच." ते जुळले नाहीत. मग कंट्रोल रूमच्या स्विचच्या मॅक टेबलात तो पत्ता कोणत्या पोर्टवर आहे ते बघायचं, त्या पोर्टापलीकडच्या स्विचवर जायचं, तिथलं टेबल बघायचं. असं करत आम्ही पोचलो मिल हाउसच्या पॅनलपाशी. तिथे बदली म्हणून बसवलेल्या स्विचमध्ये बॉयलरच्या स्विचचं कॉन्फिगरेशन जसंच्या तसं टाकलेलं होतं. दोघांचा आयपी एकच. मी बॉयलर म्हणून जे निरोगी पोर्ट बघत होतो, ते मिल हाउसचे होते.

इथे तुम्ही मला थांबवलंत, आणि त्याबद्दल मी सर्वात जास्त ऋणी आहे. दोष सापडला म्हणून मी सुटकेचा श्वास टाकला होता. तुम्ही म्हणालात, हा दोष खरा, पण आकडे याने जात नाहीत. स्विच डेटा पुढे पाठवतो मॅक पत्ता बघून. त्याचा स्वतःचा आयपी लागतो तो आपल्याला त्याच्याशी बोलायला. आयपी डबल झाला म्हणून पीएलसीचा (यंत्रं चालवणाऱ्या कंट्रोलरचा) डेटा अडत नाही, फक्त आपल्याला चुकीच्या ठिकाणचं चित्र दिसतं.

मिल हाउसच्या स्विचचा आयपी बदलताना ब्राउझर नको, कोणता उघडेल भरवसा नाही, स्विचला थेट जोडायची कन्सोल केबलच लाव, हेही तुम्हीच बजावलंत. त्यानंतर बॉयलरच्या स्विचचं खरं पान उघडलं. एका फायबर पोर्टवर येणारी पॉवर उणे २२ डीबीएम (उणे आकडा जितका मोठा, तितका उजेड कमी). उजेड पाठवणाऱ्या-घेणाऱ्या आमच्या १०००बेस-एलएक्स मॉड्यूलची हमी उणे १९ पर्यंतची. पॅच कॉर्डचं टोक पुसलं तर पुसणीवर बगॅसची (उसाच्या चोथ्याची) काळपट धूळ आली. सिंगल मोड फायबरचा कोर जेमतेम ९ मायक्रॉनचा, त्यावर एवढी धूळ म्हणजे उजेड जाणार कुठून? आयसोप्रोपिल अल्कोहोलने दोन्ही टोकं साफ केली, पॉवर उणे ८ वर आली. टोकाकडे डोळा लावून बघू नकोस, १३१० नॅनोमीटरचा उजेड दिसत नाही पण डोळ्याला इजा करू शकतो, हे तुम्ही त्या गडबडीतही विसरला नाहीत.

रिंग असून असं का झालं, हे तुम्ही दुसऱ्या दिवशी स्वतःहून फोन करून सांगितलंत. लिंक पूर्ण तुटली तर रिंग मॅनेजर (रिंगवर लक्ष ठेवणारा स्विच) एरवी अडवून ठेवलेला पोर्ट उघडतो आणि डेटा दुसऱ्या बाजूने जातो. एमआरपीमध्ये (रिंग सांभाळायच्या या पद्धतीत) ५० स्विचपर्यंतच्या रिंगला त्यासाठी फार तर २०० मिलिसेकंद लागतात, ऑपरेटरला पत्ताही लागत नाही. अर्धवट उजेडाची लिंक मात्र कधी वर, कधी खाली. दर वेळी मॅक टेबलं पुसली जातात, आणि लिंक वर असते तेव्हाही फ्रेम (डेटाचे तुकडे) खराब होतात.

हंगाम संपल्यावर तुम्ही जुने स्विच घेऊन आलात आणि वर्कशॉपच्या टेबलावर छोटी रिंग करून दिलीत. पिंग चालू ठेवून मी कॉर्ड काढायची आणि काय होतंय ते तुम्हाला सांगायचं. जाण्यायेण्याचा खर्चसुद्धा घेतला नाहीत. आमच्या खात्यातली नवी पोरं आता त्याच टेबलावर शिकतात.

तुम्ही सुचवलंत तसं प्रत्येक स्विचचा आयपी, मॅक आणि दोन्ही पोर्टांची पॉवर लिहिलेला कागद पॅनलच्या दारावर आतून चिकटवलाय. रिंग ओपनचा (रिंग तुटल्याचा इशारा देणारा) रिले पीएलसीच्या इनपुटला जोडलाय, म्हणजे पहिली लिंक तुटली की लगेच कळेल, दुसरी तुटेपर्यंत वाट बघावी लागणार नाही. यंदा बॉयलर पेटण्याआधी पूर्ण रिंगची ओटीडीआर चाचणी (फायबरमध्ये उजेड सोडून दोष कुठे आहे ते शोधणारी) करायचं साहेबांनी मान्य केलंय. त्या दिवशी तुम्ही हवेतच. वहिनींनाही घेऊन या, जेवण आमच्या घरी.

तुमचा,
इन्स्ट्रुमेंट खात्यातला धाकटा भाऊ