लोकअदालत पॅनेलवरील निवृत्त न्यायाधीशांसाठी : मानधन व प्रवासखर्च

सर्व सदस्यांना नमस्कार.
शनिवारच्या राष्ट्रीय लोकअदालतीचे मानधन व प्रवासखर्चाचे बिल त्याच आठवड्यात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात द्यावे. सोबत नेमणुकीचे पत्र, बँक पासबुकाच्या पहिल्या पानाची प्रत आणि मूळ तिकिटे जोडावीत. एसटीच्या तिकिटावरची शाई काही काळाने उडते, कोरा कागद हाती राहतो. म्हणून त्याच दिवशी झेरॉक्स काढून ठेवा.

उच्च न्यायालयात राज्यघटनेच्या अनुच्छेद 224अ खाली बसणाऱ्या निवृत्त न्यायमूर्तींचे भत्ते राष्ट्रपतींच्या आदेशाने ठरतात. आपली नेमणूक 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याखालची आहे. दोन्हींची गल्लत नको.

संकोचाने बिल टाळू नका, ते हक्काचे आहे. तालुक्याला जाणाऱ्या ज्येष्ठांना अर्ज भरायला मी मदत करेन.

— समन्वयक