आईची सौंदत्ती आणि तुझ्या लेकाचा प्रश्न

लूव्हेन, बेल्जियम
जानेवारीतला दुसरा रविवार

प्रिय अक्का,

सा. नमस्कार. दाजींनाही सांग.

परवा तू फोनवर रडत होतीस, म्हणून मी नुसतं ऐकून घेतलं. फोनवर असलं काही बोलायला गेलं की माझी वाक्यं अर्धीच राहतात. आज सुट्टी आहे, कागद घेऊन बसलेय. आधी तू एकटीनं वाच. मग माहेरी येळ्ळूरला जाशील तेव्हा लेकाच्या हातात दे. आप्पांना वाचून दाखवायचं की नाही, ते तिथं गेल्यावर बघून ठरव.

तू सांगितलंस ते सारखं डोळ्यांपुढे येतंय. आप्पा सोप्यात हरिपाठ म्हणत बसलेले, लेक कॉलेजातून दमून आलेला, कशावरून तरी शब्दाला शब्द लागला आणि तो बोलून गेला, "देव आहे तर सिद्ध करून दाखवा. असता तर मामा गेला असता काय?" आप्पांनी पोथी मिटली, आणि त्यानंतर चार दिवस घरात हरिपाठ नाही. माळ घातल्यापासून तापातसुद्धा ज्यांचा हरिपाठ चुकला नाही, ते आप्पा.

तू पोराला त्यांच्या पायांवर डोकं ठेवायला लावलंस. रागावू नकोस, पण ते मला पटलं नाही. तोडून बोलला त्याची माफी मागायला लाव, जरूर लाव. पण प्रश्नाची माफी कशी मागणार? तो प्रश्न माझाही आहे. दादा गेल्यापासून रोजचा आहे.

आप्पा आपल्याला कणकुंबीला घेऊन गेले होते, आठवतंय? तू सातवीत, मी पहिलीत, दादा मधला. माउलीच्या देवळाजवळ मलप्रभेचा उगम दाखवला. एवढंसं पाणी बघून मला खरंच वाटेना, की हेच पुढे सौंदत्तीकडे जातं आणि कूडलसंगमला कृष्णेला मिळतं. मी विचारलं, हे पाणी येतं कुठून? डोंगरातून. डोंगरात कुठून? पावसातून. पाऊस? समुद्रातून. आणि समुद्रात? नद्यांतून. दादा टाळी वाजवून ओरडला, "म्हणजे फिरून फिरून तेच की!" आप्पा हसले आणि म्हणाले, "फिरवणारा कोण ते बघ."

आप्पांचं ते एक वाक्य युरोपात किती शतकं घोटलं गेलंय, हे मला इथे आल्यावर कळलं. तेराव्या शतकातल्या थॉमस अक्वायनस नावाच्या साधूनं देव आहे हे दाखवायचे पाच मार्ग लिहून ठेवले. त्यातला एक असा, की हलणाऱ्या प्रत्येक गोष्टीला हलवणारं काहीतरी लागतं आणि ही साखळी न संपता मागेच जात राहू शकत नाही. लेक म्हणेल, का नाही? दादासारखं चक्रच असलं तर? शंका रास्त आहे. पण अक्वायनसला काळात मागे जायचंच नाहीये. तो आत्ताचं विचारतोय. पाण्याचं चक्र अनादि असेल, तरी या क्षणी ते फिरतंय ते सूर्याच्या उष्णतेवर. सूर्य विझला तर मलप्रभा आटेल. मग सूर्य कशावर उभा आहे? आणि ते ज्याच्यावर उभं आहे, ते कशावर? कुठेतरी असं काही हवं, जे दुसऱ्या कशावरही टेकलेलं नाही.

वृद्धाश्रमातल्या रात्रपाळीत सगळे म्हातारे झोपले की मी हा विचार पुष्कळदा करून बघितलाय. एका ठिकाणापर्यंत तो मला खरोखर ओढून नेतो. पण तिथे जे हाती लागतं, त्याला आई म्हणता येत नाही. दादाबद्दल त्याला जाब विचारता येत नाही. शिवाय लेक म्हणाला, "हे विश्वच कशावर टेकलेलं नाही, संपलं," तर त्याला खोटं पाडायला माझ्याकडे काही नाही.

आणि हा वाद काही परक्यांकडून आलेला नाही. मिथिलेचे उदयनाचार्य दहाव्या शतकात होऊन गेले. त्यांची 'न्यायकुसुमांजली' याच एका प्रश्नासाठी लिहिलेली. मडकं दिसलं की कुंभार असणारच, तसं जग हेही घडलेलं आहे, तेव्हा घडवणारा असणारच, असं त्यांचं एक अनुमान. खानापूरच्या कुंभाराकडून माठ आणणाऱ्या आपल्यासारख्यांना हे चटकन पटतं. पण कुंभाराला चाकावर हात फिरवताना आपण बघितलेलं असतं, म्हणून माठावरून तो आठवतो. जग घडताना कुणी बघितलं? घडवणाऱ्याला हात होते का, माती त्यानं कुठून आणली, आणि घडवायचंच होतं तर त्यात एवढं दुःख कशाला घातलं? हे प्रश्न वेद प्रमाण मानणाऱ्या मीमांसकांनीच विचारलेत. सांख्यांचं तर सूत्रच आहे, 'ईश्वरासिद्धेः', म्हणजे ईश्वर सिद्ध होत नाही. आणि नवव्या शतकात, राष्ट्रकूट अमोघवर्षाच्या काळात, जैन आचार्य जिनसेनांनी आदिपुराणात जगाचा कर्ता मानणाऱ्यांना एकेक प्रश्न विचारून अडवलंय.

शाळेच्या सहलीला आपण बेळगावच्या किल्ल्यात कमळ बस्ती बघितली होती. १२०४ सालची ती. छतातलं दगडी कमळ बघताना मान दुखली होती माझी. ते कोरणाऱ्यांचा जैन धर्म जगाला कर्ता मानत नाही. आणि आपल्या शेजारच्या जैन काकू? पाणी गाळून पिणाऱ्या, दिवस मावळायच्या आत जेवणाऱ्या, दादाच्या आजारपणात दोन महिने आपल्या घरी डबा पाठवणाऱ्या. त्यांच्या घरात श्रद्धा नाही असं आप्पा तरी म्हणतील का?

उदयनाचार्यांची एक दंतकथा मात्र मला त्यांच्या अनुमानांपेक्षा जवळची वाटते. ते पुरीला गेले तर देवळाचं दार बंद. तेव्हा ते रागावून जगन्नाथाला म्हणाले, ऐश्वर्याच्या मदात तू मला ओळखत नाहीस, पण ईश्वर न मानणारे बौद्ध समोर उभे राहतील तेव्हा तुझं असणं माझ्या हातात आहे! ज्यानं जन्मभर देवासाठी पुरावे रचले, तो शेवटी दारात उभा राहून त्याच्याशी घरच्यासारखा भांडला.

लेकाला विज्ञानाचं काही हवं असेल तर त्याला फादर लेमेत्रची गोष्ट सांग. ते याच गावच्या विद्यापीठात शिकवायचे. पाद्रीही होते आणि भौतिकशास्त्रज्ञही. विश्व प्रसरण पावतंय हे त्यांनी १९२७ साली गणितातून मांडलं, आणि १९३१ साली म्हटलं की सुरुवातीला सगळं एका आदिम अणूत होतं. त्यालाच पुढे बिग बँग म्हणू लागले. १९५१ साली खुद्द पोपनी जाहीर भाषणात म्हटलं, बघा, विज्ञानानंही सृष्टीच्या निर्मितीची साक्ष दिली. दुसरा कुणी पाद्री असता तर आनंदानं नाचला असता. लेमेत्रना ते रुचलं नाही. त्यांचं म्हणणं, माझा सिद्धांत देवाच्या प्रश्नाच्या बाहेर आहे, देव न मानणाराही तो तितक्याच मोकळेपणानं मानू शकतो. आमच्या वृद्धाश्रमात एक निवृत्त गणिताचे मास्तर आहेत, तरुणपणी त्यांच्या तासाला बसलेले. ते सांगतात, १९६६ साली लेमेत्र अंथरुणाला खिळलेले असताना त्यांना बातमी दिली गेली, की विश्वाच्या त्या पहिल्या उष्णतेचा अंश आकाशात खरोखर सापडलाय. थोड्याच दिवसांत ते गेले. आयुष्यभर रोज प्रार्थना करणारा माणूस, आणि स्वतःचा एवढा मोठा शोध त्यानं देवाचा साक्षीदार म्हणून उभा केला नाही. अक्का, मला यात फार मोठी श्रद्धा दिसते. ज्याचा विश्वास डळमळीत असतो, त्याला बाहेरचे टेकू लागतात.

लेक इंटरनेटवर ग्योडेलचा पुरावा वाचून येईल, तेही सांगून ठेवते. १९७० च्या सुमारास त्या गणितज्ञानं देवाचं अस्तित्व तर्काच्या चिन्हांत मांडलं, आणि २०१३ साली संगणकानं त्याच्या पायऱ्या तपासून बरोबर ठरवल्या. पण बरोबर आहेत त्या पायऱ्या. ज्या गृहीतांवरून तो चढायला सुरुवात करतो ती मानायची की नाही, ते संगणक सांगत नाही.

आणि बेळगावचं एक. १८९२ च्या ऑक्टोबरात विवेकानंद कोल्हापूरहून बेळगावला आले होते. आधी भाटे वकिलांकडे राहिले, मग हरिपद मित्र या जंगल खात्यातल्या अधिकाऱ्याकडे. मित्र शिकलेले, धर्माबद्दल शंका घेणारे. त्यांनी स्वामींना प्रश्नांवर प्रश्न विचारले, आणि स्वामींनी एकाही प्रश्नासाठी त्यांना वाकायला लावलं नाही. कसे लावतील? त्यांनी स्वतः तरुणपणी रामकृष्णांना तोंडावर विचारलं होतं, "तुम्ही देव पाहिलाय का?" रामकृष्ण म्हणाले, होय, तुला पाहतोय तसाच, त्याहूनही स्पष्ट. हा पुरावा नव्हे, ही साक्ष आहे. ऐकणारा ती तपासून घेऊ शकतो. नरेंद्रनंही लगेच मान डोलावली नाही, कित्येक वर्षं तपासत राहिला.

आता दादाचं लिहिते. आजवर तुझ्याशीही हे नीट बोलले नाही.

डायलिसिस सुरू झालं तेव्हा आईनं सौंदत्तीच्या यल्लम्माला नवस बोलला होता. पोर उठून बसू दे, डोंगर चालत चढेन. दादा श्रावणात गेला. माघी पौर्णिमा आली तशी आई पिशवी भरायला लागली. तू फोनवर चिडलीस, मी घरात चिडले. नवस पुरा झालाच नाही, मग फेडायचा कसला? आई भाकरी फडक्यात बांधत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "फेडायला नाही जात गं. तिला सांगायला जाते. माझं पोर गेलं, हे तिला माझ्या तोंडून कळायला नको?"

मी तिच्याबरोबर गेले. जोगुळभावीला आंघोळ केली. वर भंडाऱ्यानं सगळी माणसं पिवळी झालेली, कन्नड आणि मराठीत एकाच वेळी आईच्या नावानं हाका. आमची आई गाभाऱ्यासमोर उभी राहिली आणि चक्क भांडली. मोठ्यानं. "एवढ्यांची लेकरं सांभाळतीस, माझं एक जड झालं होय तुला?" मागचे लोक ढकलत होते, तरी ती हलेना. मग पदरानं डोळे पुसले, आधी माझ्या कपाळाला भंडारा लावला, मग स्वतःच्या. खाली येऊन आम्ही भाकरी खाल्ली. श्रावणापासून पहिल्यांदाच ती पोटभर जेवली.

तिथे सिद्ध करण्यासारखं काही नव्हतं. यल्लम्मा आहे, हे आईचं मत नव्हतं. आई तिच्याशी बोलत होती. लेक म्हणेल, बोलल्यानं समोर कुणी आहे हे ठरत नाही. नाहीच ठरत. मी आईशेजारी उभी होते, मला काही ऐकू आलं नाही. पण तिथे उभं राहून 'पुरावा दाखव' म्हणायला मला तोंडही झालं नाही. तिनं कुठला दावाच केला नव्हता. ती फक्त नातं तोडायला तयार नव्हती, ज्या दिवशी ते तोडायला तिला सगळी कारणं होती त्याच दिवशी.

मात्र आप्पांना माझं एक सांग. त्याच डोंगराच्या नावानं आपल्या भागातल्या आणि तुमच्या गडहिंग्लजकडच्याही किती पोरी देवदासी म्हणून सोडल्या गेल्या. त्यांचे आईबापही हात जोडूनच उभे होते, त्यांच्याही मनात खोट नव्हती. १९८२ साली कर्नाटकाला कायदा करावा लागला. तेव्हा कुणीतरी, तुझ्या लेकासारख्याच कुणीतरी, आधी उद्धटपणे विचारलं असणार, की देवीला हे हवंय हे कशावरून? तो प्रश्न घरातून हाकलून दिला तर आईची श्रद्धा आणि ती श्रद्धा एकाच पोत्यात जातील. मला ते सहन होणार नाही.

इथे जवळच्या एका चर्चच्या तळघरात फादर डेमियनची समाधी आहे. १८७३ साली ते हवाईतल्या मोलोकाई बेटावर कुष्ठरोग्यांमध्ये राहायला गेले, त्यांनाही रोग जडला, १८८९ साली तिथेच वारले. मी कधीकधी तिथे जाऊन बसते. त्यांच्यावरून देव सिद्ध होत नाही. देव न मानता असंच काम करणारी माणसंही आहेत. पण तिथून उठून कामावर गेले की म्हाताऱ्यांच्या जखमा धुताना हात चांगला चालतो, एवढं मला माहीत आहे.

देव आहे का, असं लेकानं मला विचारलं तर मी म्हणेन, मला ठाऊक नाही रे. आईनं दिलेली भंडाऱ्याची पुडी माझ्या पर्समध्ये आहे, तीही खरी आणि हे ठाऊक नसणंही खरं. तुझे प्रश्न मला लिहून पाठव, म्हणावं. आप्पांना चार शब्दांत गप्प करण्यापेक्षा माझ्याशी चाळीस पानं भांड.

दोन कामं कर. आप्पांना सांग, येत्या रविवारी संध्याकाळी मी फोन लावीन, तो कट्ट्यावर ठेवा आणि हरिपाठ म्हणा. मला ऐकायचाय. सिद्धबिद्ध काही करायचं नाही, नुसता म्हणायचा.

आणि माघी पौर्णिमेला आईला सौंदत्तीला न्यायला लेकालाच पाठव. वर हात जोडायची सक्ती त्याच्यावर करू नकोस. फक्त सांग, जोगुळभावीला पाण्यानं पायऱ्या निसरड्या झालेल्या असतात, तिथे आजीचा हात सोडायचा नाही.

तुझी
धाकटी