भाड्याने घेतलेल्या थरारपटाची मराठी उपशीर्षके अर्ध्यावर बंद. दोष मात्र आमच्या गावाला

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी

महोदय,

कॅथलिक धर्मगुरूच्या जिवावर उठलेल्या कटाचा तो स्वतंत्र निर्मितीचा थरारपट तुमच्या ॲपवर ‘मराठी उपशीर्षकांसह’ असा लावलेला आहे, म्हणून मी भाडे भरले. कटातला एक जण पापनिवेदनासाठी जाळीपलीकडे गुडघे टेकतो आणि कुजबुजू लागतो, नेमकी तिथे उपशीर्षके बंद झाली ती शेवटपर्यंत आली नाहीत.

पापनिवेदनात ऐकलेले धर्मगुरूने कोणालाही सांगायचे नसते. कॅथलिक चर्चच्या १९८३ च्या कायदेसंहितेतील ९८३ वे कलम हे बंधन अभंग मानते, म्हणून जीव वाचवण्यासाठीही फादरला तोंड उघडता येत नाही. अख्खा चित्रपट ज्या संवादावर उभा आहे, तोच तुम्ही गाळला. शेजारी बसलेली माझी आई शेवटपर्यंत विचारत राहिली, “फादर पोलिसात काऊन जात नाही?” मला उत्तर देता आले नाही.

तुमच्या प्रतिनिधीने फोनवर आधी जिल्हा विचारला. यवतमाळ म्हणताच ते म्हणाले, “खेड्यात नेटवर्क नसतं सर, त्यामुळे असं होतं.” मी सांगितले की चित्रपट तालुक्याच्या बसस्थानकावर डाउनलोड केला होता, घरी विमान मोड लावून पाहिला, आणि चित्र किंवा आवाज कुठेही अडकला नाही. त्यावर ते म्हणाले, “मग चित्र बघून समजून घ्या ना. खेड्यात सबटायटल कोण वाचतं?” मी त्यांना हे वाक्य पुन्हा बोलायला सांगितले, तर त्यांनी ते जसेच्या तसे पुन्हा ऐकवले आणि “आणखी काही मदत करू का?” असे विचारून फोन ठेवला. भाडे घेताना तुम्ही खेडे आणि शहर असा भेद केला नव्हता. मराठी चित्रपट नीट दाखवता म्हणून तुमचे ॲप मीच गावात अनेकांना सुचवले होते, त्यामुळे हा अपमान अधिक लागला.

भाडे परत करा आणि उपशीर्षके पूर्ण करा. कमी पैशांत चित्रपट काढणाऱ्यांचेही यात नुकसान आहे. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण बंधनकारक आहे. तसे न झाल्यास मी यवतमाळच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करेन. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहकाला राहत्या जिल्ह्यातच दाद मागता येते.

आपला ग्राहक,
तालुका दारव्हा, जिल्हा यवतमाळ