वॉकवाल्यांनो, फोन आणि गळ्यातलं सांभाळा

नमस्कार मंडळी, परवा सकाळी आपल्या ग्रुपमधल्या एका काकूंचा फोन डीपी रोडवर बाईकवरून दोघं आले आणि हातातनं हिसकावून नेला, काकू व्हिडिओ कॉलवर नातवाशी बोलत होत्या, नशीब पडल्या नाहीत. तर फोन आला की आधी रस्त्यापासून बाजूला आत व्हा, कंपाउंडच्या बाजूला उभं राहून बोला, आणि कोणी बाईक स्लो करून पत्ता विचारला तर लांबूनच सांगा. मंगळसूत्र ओढणीखाली किंवा सरळ घरीच, फिरायला जातोय, लग्नाला नाही!

अजून एक जुनीच ट्रिक, "आम्ही पोलिस आहोत, पुढे खून झालाय, दागिने काढून रुमालात बांधा". खरे पोलिस असं कधीच सांगत नाहीत. काढू नका, ओरडा, ११२ लावा.

फोन गेलाच तर रडत बसू नका, आधी सिम आणि यूपीआय ब्लॉक करा (बँकेचा नंबर घरी कागदावर लिहून ठेवा, तो फोनमध्येच असतो आपला), पैसे गेले असतील तर लगेच १९३० (सायबर फसवणुकीची हेल्पलाइन) लावा. मग पोलिस तक्रार, तिची कॉपी आणि नवीन सिम घेऊन सरकारच्या संचार साथी वेबसाइटवर आयएमईआय (फोनचा स्वतःचा ओळख नंबर) ब्लॉक होतो. तो नंबर आजच बघून ठेवा, स्टार हॅश ०६ हॅश डायल करा, बॉक्सवरही असतो. ज्यांना जमत नाही त्यांनी उद्या कट्ट्यावर या, मी करून देतो.