बागेतील लाकडी शिल्पांबाबत तक्रार: ‘तडे नैसर्गिक असतात’ हे उत्तर मला मान्य नाही

प्रति,
विभागप्रमुख, ग्राहक सेवा

विषय: पुरवलेली आणि बसवून दिलेली तीन लाकडी शिल्पे पहिल्याच पावसाळ्यात खराब झाल्याबद्दल.

महोदय,

आपल्या कंपनीकडून मी बागेसाठी तीन शिल्पे घेतली: तळ्याकाठचा बगळा, गुडघ्यावर हात ठेवून बसलेली म्हातारी आणि वेलीच्या नक्षीचा उंच खांब. घडवणे, पोचवणे, जागा ठरवणे आणि बसवणे ही सगळी कामे एकाच करारात होती आणि सगळ्यांचे पैसे आपण आगाऊ घेतले. पावसाळा संपता संपता म्हातारीच्या कपाळापासून हनुवटीपर्यंत बोट शिरेल एवढा तडा गेला, बगळ्याची चोच तुटून पडली आणि खांब हलू लागला. छायाचित्रांसह तक्रार पाठवली, तर एका ओळीत उत्तर आले की लाकडाला तडे जाणे नैसर्गिक आहे, वॉरंटी लागू नाही. चोच आणि खांब यांचा उल्लेखही नाही.

लाकडाला तडे जातात हे मला मान्य आहे. वाळताना लाकूड वाढीच्या वलयांच्या कडेने जेवढे आक्रसते, ते मध्यापासून सालीकडे आक्रसण्याच्या साधारण दुप्पट असते. त्यामुळे मध्य आत ठेवलेला अखंड ओंडका कुठेतरी उकलणारच. पण कुठे, हे बरेचसे कोरणाऱ्याच्या हातात असते. शिल्पाच्या पाठीमागून, जिथे नजर जात नाही तिथे, करवतीने मध्यापर्यंत उभी खाच पाडून ठेवली की ताण तिकडे मोकळा होतो. लाकूड तिथे उघडते आणि चेहरा वाचतो. काही कारागीर ओंडका खालून पोखरून काढतात. काही जण उभा चिरलेला अर्धा ओंडकाच घेतात, म्हणजे मध्य शिल्पात येतच नाही. आपल्या म्हातारीची पाठ मी नीट तपासली. ती अखंड आहे, गुळगुळीत आहे, खाचेचा मागमूस नाही. उलट बुडाशी पाहिले तर ओंडक्याचा मध्य नाकाच्या बाजूला सरकलेला दिसतो. मध्यापासून सालीचे अंतर जिकडे कमी, तिकडे तडा जाण्याची शक्यता अधिक. म्हणजे चेहरा नेमका नको त्या बाजूला कोरला गेला. तडा निसर्गाने दिला असेल, त्याची जागा मात्र आपल्या कार्यशाळेत ठरली.

याच संदर्भात आपल्या माहितीपत्रकातला ‘पूर्णपणे सुकवलेले लाकूड’ हा दावा पाहावा. उघड्या हवेत फळी वाळायला जाडीच्या दर इंचाला सुमारे एक वर्ष असा सुतारांचा ढोबळ हिशेब असतो. म्हातारीचा ओंडका अठरा इंच जाड आहे. एवढा ओंडका आतपर्यंत वाळवून कोणी विकत असेल असे मला वाटत नाही, आणि तशी माझी अपेक्षाही नव्हती. ओल्या ओंडक्यातून कोरणे ही रूढ पद्धत आहे, ओले लाकूड पटाशीला सोपेही जाते. ओंडका ओला होता याबद्दल माझी तक्रार नाही. तो कोरडा आहे असे सांगून विकला, याबद्दल आहे. ओला म्हटला असता तर मी पहिली काही वर्षे तो सावलीत, वाऱ्याच्या झोतापासून दूर ठेवला असता आणि कापलेल्या टोकांना मेण लावून घेतले असते, कारण ओंडक्याच्या टोकांतून पाणी बाजूंपेक्षा कितीतरी भरभर ये-जा करते. आपण तो थेट उन्हात बसवून गेलात.

बगळ्याबद्दल फार लिहायला नको. संपूर्ण पक्षी एका उभ्या ओंडक्यातून कोरला आहे, त्यामुळे आडव्या चोचीत लाकडाचे तंतू चोचीच्या लांबीने न धावता तिला आडवे कापत जातात. अशी चोच हाताने मोडावी इतकी कच्ची असते. ती वेगळ्या तुकड्यातून, तंतू लांबीने घेऊन करतात आणि खुंटी घालून बसवतात. सांधा दिसला असता तरी चालले असते. ‘एकसंध शिल्प’ म्हणून आपण जास्त पैसे घेतलेत, आणि तीच गोष्ट चोचीच्या मुळावर आली.

खरी चिंता खांबाची आहे, आणि पत्राला उशीर न करण्याचे कारणही तेच. आपल्या माणसांनी खड्डा खणला, खांब त्यात उभा केला आणि भोवती काँक्रीट ओतले. वरून नीटनेटके दिसते. पण लाकूड आक्रसले की काँक्रीट आणि खांब यांच्यात फट पडते, पाणी त्या फटीत उतरते आणि खाली जायला वाट नसल्याने तिथेच साचते. काँक्रीटची ती वाटी म्हणजे खांबाला कायमचे पाण्यात उभे करणे. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला ओलावा आणि हवा दोन्ही लागतात. खोल मातीत हवा कमी, वरच्या भागात ओलावा टिकत नाही, जमिनीच्या पातळीला मात्र दोन्ही मिळते. म्हणून गाडलेले खांब बहुधा तिथेच कुजतात. माझ्या ओळखीच्या सुताराने आर्द्रतामापकाच्या सुया बुडाशी टोचल्या तर आकडा तीस टक्क्यांच्या वर गेला. त्यापुढे या मापकाच्या आकड्यावर विसंबू नये असे तो म्हणाला, पण कुजण्याची भीती वीस टक्के ओलांडले की सुरू होते, तेव्हा पुढचा आकडा कळून काही उपयोगही नाही. बुडाशी स्क्रू ड्रायव्हर टोचला तर सहज आत शिरतो.

यावर आपल्या प्रतिनिधीने फोनवर सांगितले की हा साग आहे, साग कुजत नाही. सागाची ख्याती त्याच्या गाभ्याच्या लाकडामुळे आहे. सालीकडचे फिकट लाकूड सागाचे असले तरी टिकाऊ नसते. ईएन ३५० हे युरोपीय मानक तर कुठल्याही झाडाचे सालीकडचे लाकूड, वेगळा पुरावा नसेल तर, टिकाऊपणाच्या सर्वांत खालच्या, म्हणजे पाचव्या वर्गात धरते. आपल्या खांबाला चारही बाजूंनी दोन बोटे जाडीचा फिकट पट्टा आहे. वेलीची नक्षी संपूर्णपणे त्या पट्ट्यात कोरलेली आहे. खांबाचा गाभा टिकेलही, पण पाने गळून गेलेला गाभा मी विकत घेतलेला नाही.

बसवण्याची रीत आपल्या लोकांना ठाऊक नसेल असे नाही. काँक्रीटच्या पायात स्टेनलेस स्टीलचा दांडा किंवा पट्टी रोवायची, शिल्प त्यावर जमिनीपासून दोन इंच तरी वर धरायचे, खाली खडी घालायची म्हणजे पाणी निचरून जाते आणि बुडाला वारा लागतो. आपण वापरलेले बोल्ट साध्या लोखंडाचे आहेत. लाकडातल्या टॅनिनची, म्हणजे तुरट द्रव्याची, लोखंडाशी प्रक्रिया होऊन त्यांच्याभोवती काळे ओघळ उतरले आहेत. हे ओघळ ‘जुनाट लूक’ आहेत, असेही मला ऐकवण्यात आले.

जागेबद्दलही सांगते. तिन्ही जागा आपल्या आरेखनकाराने ठरवल्या. म्हातारी वळणावर बसवली आहे, पायवाटेने येणाऱ्याला आधी खांदा आणि मग चेहरा दिसतो. ही योजना सुंदर आहे, याचे श्रेय मी देते. पण त्याच जागी स्प्रिंकलरचे पाणी रोज तिच्या डाव्या गालावर पडते. बसवतानाच मी ते दाखवले होते. ‘व्हार्निश आहे ना’ असे उत्तर मिळाले. आता ते पारदर्शक व्हार्निश पापुद्र्यांनी सुटते आहे आणि त्याखाली लाकूड काळवंडले आहे. ऊन लाकडाच्या पृष्ठभागावरचे लिग्निन, म्हणजे तंतूंना धरून ठेवणारे द्रव्य, तोडते, पारदर्शक थर ते ऊन अडवत नाही, त्यामुळे थराखालची पकडच सुटते. मग पाणी आत शिरते आणि थरामुळे बाहेर पडत नाही. बाहेरच्या शिल्पाला मुरणारे, थोडा रंग असलेले तेल बरे, किंवा काही न लावता ते राखाडी होऊ दिले तरी चालते. व्हार्निशचा आणखी एक हात मारा, हा आपला सल्ला मी म्हणूनच मानलेला नाही.

माझ्या मागण्या अशा. खांब आठवड्याच्या आत उतरवून न्यावा. तिथे मुले खेळतात आणि सध्या मी तो दोरांनी बांधून ठेवला आहे. त्याच्या जागी गाभ्याच्या लाकडात कोरलेला नवा खांब स्टीलच्या पायावर बसवून द्यावा. म्हातारी बदलून मिळावी, मागे खाच पाडलेली. तीच जागा ठेवावी, आणि स्प्रिंकलरची दिशा वळवण्याचा खर्च आपण द्यावा. बगळ्याला नवी चोच जोडून द्यावी, सांधा दिसला तरी हरकत नाही. हे जमत नसेल तर तिन्ही शिल्पांचे आणि बसवणीचे पूर्ण पैसे परत करावेत आणि शिल्पे स्वखर्चाने घेऊन जावीत. व्हार्निशच्या वार्षिक देखभालीचा करार मात्र मी आजपासून रद्द करते आहे, त्याचे उरलेले पैसे वेगळे परत मिळावेत.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर द्यावे. उत्तर शिल्प प्रत्यक्ष पाहून गेलेल्या माणसाचे असावे. पावतीची व कराराची प्रत, तड्याची, तुटलेल्या चोचीची आणि खांबाच्या बुडाची छायाचित्रे सोबत जोडली आहेत. चोच जपून ठेवली आहे. तपासणीला येणाऱ्याने ती पाहावी, तंतूंची दिशा तुटलेल्या भागात स्पष्ट दिसते.

कळावे,
आपली ग्राहक
(नाव व संपर्क पावतीवर आहेत)