आधी थांबायला शिकवतात

ऑन्टारिओ, कॅनडा

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

मागच्या वेळी फोनवर बाबांनी विचारले होते, की इतकी वर्षे मोटार चालवलेल्या माणसाला ट्रेलर (इंजिनाची गाडी आणि तिला जोडलेला मालाचा लांब डबा) शिकण्यासाठी पुन्हा वर्गात बसावे लागते ते कशासाठी. आणि आईने विचारले होते, की एवढ्या लांबच्या रस्त्यावर तू झोपतोस केव्हा. दोन्ही प्रश्नांची उत्तरे मी घाईत दिली आणि ती अपुरी राहिली. या कामातले महत्त्वाचे जे काही आहे ते याच दोन प्रश्नांत आहे असे मला वाटते, म्हणून आज विश्रांतीच्या दिवशी सविस्तर लिहीत आहे.

इथे मोटारीच्या परवान्यावर ट्रेलर चालवता येत नाही. त्यासाठी ‘ए’ वर्गाचा वेगळा परवाना लागतो आणि एअर ब्रेकसाठी त्यावर ‘झेड’ ही नोंद लागते. 1 जुलै 2017 पासून ऑन्टारिओ प्रांताने या परीक्षेपूर्वी किमान 103.5 तासांचे प्रशिक्षण सक्तीचे केले आणि असा नियम करणारा हा कॅनडातला पहिला प्रांत ठरला. पुढच्याच वर्षी, 6 एप्रिल 2018 रोजी, सस्कॅचेवान प्रांतात हम्बोल्टच्या तरुण हॉकीपटूंची बस आणि एक जोड-ट्रेलर (एकामागे एक दोन डबे ओढणारी गाडी) यांची एका चौरस्त्यावर धडक होऊन 16 जण गेले आणि 13 जखमी झाले. ट्रेलरचा चालक या कामात अगदी नवा होता. मागच्या ट्रेलरवरची ताडपत्री फडफडत होती, त्याचे लक्ष तिकडे राहिले आणि थांबण्याचा फलक त्याच्या ध्यानात आलाच नाही, असे न्यायालयात समोर आले. त्यानंतर 2019 मध्ये सस्कॅचेवाननेही प्रशिक्षण सक्तीचे केले. बाबा, तुमच्या प्रश्नाचे खरे उत्तर हे आहे. आमच्या वर्गात हा अपघात शिकवला गेला तेव्हा कोणीही काही बोलले नाही. आम्ही सगळेच त्या चालकाइतके नवे होतो.

शिक्षणाची सुरुवात गाडी पळवण्यापासून होत नाही, ब्रेकपासून होते, आणि हा भाग मला सर्वांत आवडला. मोटारीत आपण पायाने तेल दाबतो आणि तेल ब्रेक दाबते. तेल गळाले तर ब्रेक जातो. ट्रेलरच्या पार्किंग ब्रेकची रचना नेमकी उलट आहे. चाकाजवळच्या डब्यात एक जबरदस्त स्प्रिंग असते, ती ब्रेक लावूनच ठेवते, आणि टाकीतली हवा तिला मागे रेटून धरते. हवा गेली की स्प्रिंग सुटते आणि गाडी आपोआप जखडली जाते. इंजिन सुरू केल्यावर हवेच्या दाबाचा काटा सावकाश चढून 125 पीएसआयच्या (हे दाब मोजण्याचे एकक) आसपास जाईपर्यंत थांबावे लागते. नंतर इंजिन बंद करून, पेडल पुन्हा पुन्हा दाबून तीच हवा मुद्दाम उतरवायची, साधारण 60 पीएसआयला धोक्याचा इशारा वाजतो का हे ऐकायचे, आणि ती आणखी उतरल्यावर 45 ते 20 च्या दरम्यान ट्रेलरच्या हवेची लाल कळ स्वतःहून बाहेर येते का हे पाहायचे. सुरक्षेची साधने खरोखर काम करतात की नाही हे निघण्यापूर्वी सिद्ध करून घ्यायचे असते; ती असतील असे गृहीत धरता येत नाही.

याच ब्रेकमध्ये एक फसवी गोष्टही आहे, आणि ती समजल्यावर मला तपासणीचे महत्त्व पूर्ण पटले. मोटारीत ब्रेक झिजला तर पायाला जाणवते. ट्रेलरमध्ये पाय फक्त हवेची झडप उघडतो, त्यामुळे ब्रेक ढिले झाले असले तरी पेडल नेहमीसारखेच लागते. पायाला काही कळत नाही. म्हणून गाडीखाली वाकून, ब्रेक लावल्यावर डब्यातला दांडा किती बाहेर येतो हे डोळ्यांनी पाहावे लागते. उतारावर ब्रेक सतत दाबून ठेवला तर ड्रम तापून पसरतो, दांड्याला आणखी लांब यावे लागते आणि शेवटी ब्रेकची पकड उरतच नाही. यासाठी उतार सुरू होण्यापूर्वीच खालचा गिअर टाकायचा, हा नियम आम्हाला इतक्या वेळा सांगितला गेला, की आता उताराचा फलक दिसताच हात गिअरकडे जातो.

गिअरबद्दल थोडक्यात लिहितो. आजच्या बहुतेक नव्या ट्रेलरांत गिअर यंत्र स्वतः बदलते, पण तशा गाडीवर परीक्षा दिली तर 2022 पासून परवाना तशाच गाड्यांपुरता मर्यादित होतो. म्हणून मी 13 गिअरांच्या हाताच्या गाडीवरच शिकलो. दर वेळी क्लच दोनदा दाबावा लागतो आणि इंजिनाचे फेरे गाडीच्या वेगाशी जुळल्याखेरीज गिअर बसत नाही. ते कानाला कळू लागते, आणि कळू लागल्यावर फार समाधान वाटते.

रोज निघण्यापूर्वी संपूर्ण गाडीभोवती फिरून टायर, दिवे, नट, साखळ्या, हवेच्या नळ्या आणि ट्रेलरची जोडणी पाहून त्याची नोंद करणे कायद्याने बंधनकारक आहे. जोडणीच्या बाबतीत माझे प्रशिक्षक विशेष कठोर आहेत. ट्रेलरखालचा खुंटा पुढच्या गाडीवरच्या जबड्यात अडकला, की ‘खट्’ असा आवाज येतो. पण त्या आवाजावर ते कधीही विश्वास ठेवत नाहीत. खाली जाऊन, टॉर्च लावून जबडा मिटलेला प्रत्यक्ष पाहायचा, आणि नंतर ट्रेलरचे ब्रेक लावलेले ठेवूनच गाडी हलकेच पुढे ओढून पाहायची. कडाक्याच्या थंडीत बर्फावर गुडघे टेकून हे करणे सुखाचे नसते, तरीही या बाबतीत मी पूर्णपणे त्यांच्या बाजूचा आहे. भरलेला ट्रेलर रस्त्यात सुटला तर त्यापुढे काय होईल हे कोणाच्याच हातात राहत नाही.

वजनाचेही शास्त्र आहे. पाच आसांच्या (आस म्हणजे दोन्ही बाजूंची चाके जोडणारा दांडा) गाडीला मालासकट 39,500 किलोची मर्यादा असते आणि एवढ्याने भागत नाही, प्रत्येक आसावर किती भार पडतो हेही काट्यावर तपासले जाते. ट्रेलरची मागची चाके पुढे-मागे सरकवता येतात. पुढे घेतली तर त्यांच्यावरचा भार वाढतो आणि इंजिनाच्या गाडीवरचा कमी होतो. वेग दुप्पट झाला की थांबवायची ऊर्जा चौपट होते, हे शाळेत पदार्थविज्ञानात शिकलो होतो. भरलेल्या गाडीचा ब्रेक दाबल्यावर ते सूत्र अंगाला जाणवले. वळताना ट्रेलर आतल्या बाजूने कापत येतो आणि 53 फुटांचा ट्रेलर मागे घेताना चाक उलट्या दिशेला फिरवावे लागते, त्याचे वर्णन पत्रात करण्यात अर्थ नाही. एवढेच सांगतो, की मागे घेताना शंका आली तर गाडी थांबवायची, उतरायचे, स्वतः जाऊन पाहायचे आणि मग पुन्हा बसायचे. कितीही वेळा उतरले तरी कोणी नवखा म्हणून हिणवत नाही. पंचवीस-तीस वर्षे चालवणारेही उतरतात.

आई, आता झोपेबद्दल. दिवसाला जास्तीत जास्त 13 तास गाडी चालवता येते आणि सगळे काम मिळून 14 तास. रोज 10 तास विश्रांती सक्तीची असते आणि त्यांतले 8 तास सलग लागतात. सात दिवसांत 70 तासांहून अधिक काम झाले तर गाडी चालवता येत नाही. सरहद्द ओलांडून अमेरिकेत गेले, की चालवण्याची मर्यादा 11 तासांवर येते. हा हिशेब पूर्वी कागदाच्या वहीत लिहीत असत. आता इंजिनाशी जोडलेले यंत्र तो ठेवते आणि 1 जानेवारी 2023 पासून त्याची पूर्ण अंमलबजावणी होत आहे. चाक हलले की नोंद होते, त्यामुळे घाई असलेल्या मालकालाही नव्या चालकावर ‘अजून थोडे चालव’ असा दबाव आणणे कठीण झाले आहे. नव्या माणसाला या यंत्राचा मोठाच आधार आहे असे मी मानतो.

परंतु यंत्र तास मोजते, झोप मोजत नाही. माझे प्रशिक्षक घड्याळात तास शिल्लक असतानाही, डोळे जड झाले असे वाटल्यास, गाडी थांबवायला लावतात. मी चालवत असताना ते शेजारी जागे असतात. शिकणाऱ्याच्या हाती गाडी देऊन मागे झोपायचे नाही असा आमच्या कंपनीचा नियम आहे. केबिनमागे एकावर एक दोन बाकडी आहेत, डिझेलवर चालणारा छोटा हीटर आहे आणि जाड पडदे आहेत. मी तिथे चांगला झोपतो. फक्त संध्याकाळी सगळेच चालक जागा शोधू लागतात आणि थांबे भरून जातात, म्हणून रात्रीचा मुक्काम कुठे करायचा हे सकाळीच ठरवून निघावे लागते.

आमचा नेहमीचा मार्ग टोरांटोहून विनिपेगकडे जातो. सुपीरियर सरोवराच्या उत्तरेकडून, वावा, व्हाइट रिव्हर, मॅरेथॉन, निपिगॉन अशी गावे घेत जाणारा हा 17 क्रमांकाचा महामार्ग बराचसा दोनच पदरी आहे. एका बाजूला खडक, दुसऱ्या बाजूला पाणी किंवा जंगल. रात्री मूस नावाचे घोड्याहून उंच हरीण रस्त्यावर येते. त्याचे अंग इतके गडद असते, की दिव्यात ते उशिरा दिसते, त्यामुळे अंधारात वेग आधीच कमी ठेवावा लागतो. पुढच्या गाडीच्या चाकांतून उडणारे पाणी अचानक थांबले आणि रस्ता मात्र ओलाच दिसत असला, तर ते पाणी नसून बर्फाचा पातळ थर आहे असे समजायचे. तेव्हा इंजिनाच्याच जोराने गाडी मंद करणारा इंजिन-ब्रेकही बंद करायचा, नाहीतर मागची चाके घसरतात. हे मला कोणत्याही पुस्तकात मिळाले नव्हते, प्रशिक्षकांनी शेजारी बसून दाखवले.

वादळात पोलीस हा रस्ता बंद करतात आणि मग उघडेपर्यंत थांबण्यावाचून इलाज नसतो, कारण पर्यायी रस्ता जवळपास नाही. 10 जानेवारी 2016 रोजी निपिगॉन नदीवरच्या नव्या पुलाचा एक भाग कडाक्याच्या थंडीत सुमारे 60 सेंटिमीटर वर उचलला गेला, तेव्हा पूर्व आणि पश्चिम कॅनडा यांच्यातली रस्त्याची वाहतूक तिथेच तुटली आणि वाहनांना अमेरिकेतून वळसा घ्यावा लागला. म्हणून हिवाळ्यात जास्तीचे कपडे, पाणी, कोरडे खाणे आणि फावडे गाडीत नेहमी ठेवतो. माल उशिरा पोहोचला तर तसे कळवायचे असते, आणि हवामानामुळे थांबलो म्हणून मला अद्याप कोणी बोल लावलेला नाही.

हा पूर्ण हिवाळा मी प्रशिक्षकांबरोबरच राहावे असे ठरले आहे, आणि मीही तसेच मागितले होते. बर्फातली गाडी एकट्याने शिकण्याची गोष्ट नाही. त्यांनी सही केल्याखेरीज कंपनी मला एकट्याला पाठवणार नाही.

आणखी एक सांगायचे राहिले. गाडी चालवताना फोन हातात घेण्यास इथे कायद्याने बंदी आहे, आणि सरोवराच्या काठाने बराच वेळ संपर्कही नसतो. मी फोन उचलला नाही तर कृपया काळजी करू नका आणि पुन्हा पुन्हा लावू नका. मुक्कामाला थांबल्यावर मीच करीन. तुमच्याकडे तेव्हा सकाळ झालेली असेल. बाबांना ब्रेकबद्दल आणखी काही विचारायचे असल्यास कागदावर लिहून ठेवावे, म्हणजे त्या वेळी नीट बोलता येईल.

कळावे, लोभ असावा.

आपला,
मुलगा