सॉल्व्हरचं बटण दाबायच्या आधी एकदा ग्राफ काढा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

लिनियर प्रोग्रामिंगला, म्हणजे दिलेल्या अटींत राहून जास्तीत जास्त नफा किंवा कमीत कमी खर्च शोधायच्या गणितांना, आता ग्राफ कशाला काढायचा, एक्सेल आहे ना, त्यातलं सॉल्व्हर नावाचं साधन दोन सेकंदात उत्तर देतं, असं हल्ली मुलं तर म्हणतातच पण पालकही म्हणायला लागलेत. आणि आमच्यातलेच काही शिक्षक असे की ग्राफपेपरच्या पुढे जायलाच तयार नाहीत, कॉम्प्युटरवर सोडवलं म्हणजे मुलाने काही केलंच नाही असं त्यांना वाटतं. मी हा विषय बरीच वर्षं शिकवतेय आणि मला दोन्ही बाजू पटत नाहीत म्हणून हे पत्र. माझं म्हणणं एवढंच आहे की एकच गणित, तेच आकडे, आधी ग्राफवर आणि लगेच शीटवर सोडवून घ्या, दोन वेगळ्या धड्यांसारखं नको.

मी वर्गात घेते तेच उदाहरण देते. टेबल आणि खुर्च्या बनवायच्यात. एका टेबलाला ३ तास सुतारकाम आणि १ तास पॉलिश, एका खुर्चीला २ तास सुतारकाम आणि २ तास पॉलिश. हातात सुतारकामाचे १२० तास आणि पॉलिशचे ८० तास. टेबलामागे नफा ५, खुर्चीमागे ४, एकक कुठलंही धरा. टेबलं क्ष, खुर्च्या य, दोन अटींच्या दोन रेषा काढल्या की पहिल्या चरणात एक चौकोन उरतो, त्याचे कोपरे (०,०), (४०,०), (२०,३०) आणि (०,४०). बहुतेक मुलं इथे चारही कोपऱ्यांची किंमत काढतात, ०, २००, २२०, १६०, मोठी कुठली ती २२०, गणित संपलं. मार्क मिळतात पण उत्तर कोपऱ्यातच का सापडतं हे विचारलं की वर्ग गप्प.

म्हणून मी पट्टी घ्यायला लावते, पारदर्शक. ५क्ष + ४य = १०० ही रेषा काढायची, म्हणजे (२०,०) ते (०,२५), तिच्यावर पट्टी ठेवायची आणि तिरकेपणा अजिबात न बदलता हळूहळू वर सरकवायची. नफा वाढत जातो, पट्टीच्या पलीकडे उरलेला चौकोनाचा तुकडा लहान लहान होत जातो आणि शेवटी पट्टी चौकोनाला फक्त एका टोकाला टेकलेली असते, (२०,३०) ला. अजून केसभर सरकवली तर बाहेर! हे स्वतःच्या हाताने केलेल्या मुलाला कोपऱ्याचा नियम पाठ करावा लागत नाही. पट्टी एखाद्या कडेला समांतर असेल तर ती अख्खी कडच उत्तर होईल हेही बऱ्याचदा कुणीतरी आपणहून बोलून जातं. जॉर्ज डँट्झिग या अमेरिकन गणितज्ञाने १९४७ मध्ये अशी गणितं सोडवायला मांडलेली सिम्प्लेक्स पद्धत म्हणजे तरी काय, एका कोपऱ्यावरून शेजारच्या जास्त चांगल्या कोपऱ्यावर जात राहायचं आणि सुधारणा होईनाशी झाली की थांबायचं. नरेंद्र करमरकरांची १९८४ ची पद्धत कडेने न जाता आतून जाते, पण ते समजायला सुद्धा आधी आत आणि कड डोळ्यासमोर पाहिजे.

मग लगेच शीट. दोन सेल क्ष आणि य साठी रिकाम्या, एका सेलमध्ये समप्रॉडक्टने (जोड्यांचे गुणाकार करून बेरीज देणारं सूत्र) नफा, दोन सेलमध्ये वापरलेले तास, शेजारी १२० आणि ८०. सॉल्व्हर ॲड-इन चालू करावा लागतो, लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये पण सॉल्व्हर आहे त्यामुळे एक्सेल नसलं तरी अडत नाही. उत्तर येतं २०, ३०, २२०. ग्राफशी जुळलं की मुलांचे चेहरे बघण्यासारखे असतात.

खरी मजा पुढे आहे आणि तीच शिकवली जात नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं. माझ्या एका विद्यार्थिनीचं उत्तर बरोबर आलं पण सेन्सिटिव्हिटी रिपोर्ट (आकडे थोडे बदलले तर उत्तर किती बदलेल ते सांगणारा सॉल्व्हरचा तक्ता) भलताच, शॅडो प्राइसच्या, म्हणजे एक तास जास्त मिळाला तर नफा कितीने वाढेल त्या आकड्याच्या, जागी लॅग्रांज मल्टिप्लायर लिहिलेलं आणि किती वाढ-घट चालेल ते कॉलमच गायब. बघितलं तर तिने सॉल्व्हिंग मेथड बदललीच नव्हती, एक्सेल आपलं आपण जीआरजी नॉनलिनियर ही वक्र सूत्रांसाठीची पद्धत धरून बसलेलं असतं. सिम्प्लेक्स एलपी निवडलं आणि सगळं जागेवर आलं, सुतारकामाची शॅडो प्राइस १.५ आणि पॉलिशची ०.५. म्हणजे सुतारकामाचा एक तास जास्त मिळाला तर नफा २२० चा २२१.५ होईल, पॉलिशचा मिळाला तर २२०.५ च. ओव्हरटाइम कुणाला द्यायचा हा प्रश्न इथेच सुटतो. मी तिला परत ग्राफपेपरवर नेलं, १२० च्या जागी १२१ ची रेषा काढायला लावली, कोपरा (२०.५, २९.७५) वर सरकला, नफा २२१.५. रिपोर्टमधला आकडा तिने स्वतःच्या पेन्सिलने काढला. हा १.५ कुठपर्यंत खरा, तर सुतारकामाचे तास ८० ते २४० असेपर्यंत, कारण त्याच्या बाहेर गेलं की दोन रेषा छेदतात ती जागा चौकोनाच्या बाहेर पडते. रिपोर्टमध्ये वाढ १२० आणि घट ४० असं येतं, ते हेच.

नफ्याचंही तसंच. खुर्चीचा नफा ४ च ठेवून टेबलाचा २ ते ६ मध्ये कुठेही हलवा, उत्तर २० टेबलं ३० खुर्च्याच राहतं, ६ च्या वर गेलं की सगळी टेबलंच बनवा असं येतं. पट्टी तिरकी करत गेलं की कुठल्या क्षणी कोपरा बदलतो ते दिसतं.

सॉल्व्हर जेव्हा उत्तर देत नाही तेव्हा तर ग्राफ फारच उपयोगी पडतो. फीजिबल सोल्युशन, म्हणजे सगळ्या अटी पाळणारं उत्तर, सापडलं नाही म्हणाला तर अटींचे भाग एकमेकांवर येतच नाहीयेत, ऑब्जेक्टिव्ह (इथे नफा) कन्व्हर्ज होत नाही, म्हणजे कुठे थांबतच नाही, म्हणाला तर प्रदेश एका बाजूने उघडा आहे आणि बहुधा एखादी अट लिहायची राहिलीय. ग्राफ न काढलेलं मूल इथे नुसतं बटण परत परत दाबत बसतं.

आता ग्राफवाल्यांना पण सांगायचंय. तीन व्हेरिएबल झाले की कागद संपला. १९४५ मध्ये जॉर्ज स्टिगलर या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने ७७ खाद्यपदार्थ आणि ९ पोषणघटक घेऊन सर्वात स्वस्त आहाराचा प्रश्न मांडला, अंदाजाने वर्षाला ३९.९३ डॉलरपर्यंत आला, आणि १९४७ मध्ये सिम्प्लेक्सने तेच सोडवायला नऊ माणसं हाताने चालवायच्या कॅल्क्युलेटरवर बसली, सगळे मिळून सुमारे १२० मनुष्यदिवस लागले, उत्तर ३९.६९. आज तोच तक्ता शीटवर टाकला तर लगेच सुटतो, एक्सेलचा साधा सॉल्व्हर २०० व्हेरिएबलपर्यंत घेतो. एवढं हाताशी असताना मुलांना कायम दोनच व्हेरिएबलवर अडकवून ठेवणं मला अन्यायाचं वाटतं. फक्त अर्धं टेबल बनत नाही हे लक्षात ठेवून पूर्णांकाची अट कधी घालायची ते शिकवा, कारण उत्तर नुसतं राउंड केलं तर ते कधी कधी अटींच्या बाहेर जातं, आणि ती अट घातली की एक्सेल सेन्सिटिव्हिटी रिपोर्ट देत नाही.

परीक्षा घेणाऱ्यांना विनंती आहे की एक तरी प्रश्न असा टाका ज्यात ग्राफ आणि छापील रिपोर्ट दोन्ही दिलेत आणि मुलाने रिपोर्टमधला एक आकडा ग्राफवर दाखवायचाय. आणि संपादक महोदय, तुमच्या शिक्षणाच्या पानावर असं एखादं गणित दोन्ही पद्धतींनी छापलंत तर मी ते कापून वर्गातल्या फळ्याशेजारी लावीन.

आपली,
एक गणित शिक्षिका